ढील

केउई बेटाच्या धक्क्याला समुद्र
दिवसातून दोनदा सहा मीटर खाली उतरतो
आणि दोनदा, कुणाला न विचारता, वर येतो.
आमच्याकडे पोरं घड्याळाआधी
खांबांवरचे शिंपले वाचायला शिकतात :
कुठवर ओले, कुठून कोरडे.

आईच्या होडीचं नाव पोर्फियादा, म्हणजे हट्टी.
एक डोलकाठी, ठिगळांचं शीड,
पोटात बटाटे, सरपण, आणि एकदा
चर्चची पायपेटी,
जी प्रत्येक लाटेसरशी एकच सूर काढत आली.

गाठ तिनं मला शिकवली चुलीपुढे,
टेबलाच्या पायाला.
"हे दार. पाहुणा खालून वर येतो,
खांबामागून वळसा घालतो,
आल्या दारानं परत जातो.
दुसऱ्या दारानं गेला, तर तो चोर."
मी आठवडाभर चोरच बांधत राहिले.
ती बोलायची नाही, नुसतं टोक ओढायची.
तिच्या हातात सरळ दोर,
माझ्या हातात टेबलाचा पाय.

मग डोळे बांधून.
मग बोटं गार पाण्यात बुडवून.
मग रोसामेलमामा शेजारी बसून
मुद्दाम बुडालेल्यांच्या गोष्टी सांगत असताना.
वादळ काही दिवा घेऊन येत नाही, म्हणायची.

निरगाठीचा तिला भारी राग.
"घट्ट काय, कुणालाही मारता येते.
भिजून, ताणून, रात्रभर कण्हून झाल्यावरही
बोटांचं ऐकते, ती गाठ."

मी चौदाची. दाल्काउएचा बाजार, काठोकाठ भरती.
होडी मी बांधली. देखणी बांधली.
पाहुणा आल्या दारानं गेला,
खुंट्यावर आठाच्या आकड्याचे तीन वेढे,
उरलेला दोर फळ्यांवर गुंडाळून, गोगलगाईसारखा.
लोकरीचे मोजे विकणाऱ्या बायका बघत होत्या,
किंवा मला तसं वाटलं.

फक्त ढील ठेवली नव्हती.

पहाटे लाकूड कण्हलं.
पाणी खाली गेलं होतं,
हट्टी गेली नव्हती.
एका कुशीवर कलंडून, माझी सुंदर गाठ गळ्यात घालून
लटकली होती धक्क्याला,
आणि बटाटे एकेक करून चिखलात :
थप.
थप.
मामा कुऱ्हाड घेऊन धावला.
आई म्हणाली, "थांब."
खुंट्यावरचे वेढे तिनं उलट्या क्रमानं उचलले,
शेवटचा तेवढा ठेवला,
आणि त्याच्यावरून दोर
वीत वीत घसरू दिला,
तळहाताची साल गेली तरी.
होडी चिखलावर टेकली,
म्हातारी खुर्चीत टेकते तशी, आधी एक बाजू.

ती रागावली नाही.
मी गुडघाभर चिखलात बटाटे वेचत होते,
वरून एवढंच आलं : "गाठ चांगली होती."
हे वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

आता माझी बोट फायबरची,
दोर नायलॉनचा, निळा, गुळगुळीत, खोटारडा.
त्याला एक वेढा जास्तीचा द्यावा लागतो
आणि तरी वळून बघावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात, कास्त्रोच्या इस्पितळात,
घाईतल्या नर्सनं आईच्या गाउनची नाडी
मानेमागे बांधली. निरगाठ.
नर्स गेली.
आईनं डोळे न उघडता डावा हात मागे नेला,
उजव्यात सलाइन होतं.
पाच बोटं, त्यातली दोन वाकडी.
बराच वेळ लागला.
मी मदत केली नाही, करू दिलीही नसती.
सुटली. मग पुन्हा बांधली,
आणि मी पाहिलं, पाहुणा
आल्या दारानं गेला.

खिडकीबाहेर खांबांवरची घरं,
त्यांच्याखाली उघडा, चमकता चिखल.
"किती उतरणार आज?"
"सहा. पौर्णिमा आहे, सातही."
"मग आठ दे."
पोर्फियादा विकून अकरा वर्षं झाली होती.
"दिला," मी म्हटलं.